शिरगट्टीच्या डंकाला वारस

मी, श्रीमती वासंती बाळ मगदूम, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मिरची कुटण्याचा, मूळ राहणार शिरगट्टी, हल्ली मुक्काम मुलाकडे हेब्बाळ, बेंगळूरु, आज बसवनगुडीत ॲडव्होकेट रघुपती यांच्या घराच्या व्हरांड्यात बसून, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या चष्म्याने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मी त्यांना ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीत फरक काय ते विचारलं, ते त्यांना सांगता आलं नाही. तरी त्यांचीही बुद्धी ठिकाणावर आहे असं मी धरून चालते.

माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. मुलाने आणून पाहिलं, नणंदेने आणून पाहिलं, शिरगट्टी नगरपालिकेने तर लेखी आणून पाहिलं. कोणालाच ते जमलेलं नाही, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

हे मृत्युपत्र मी एकाच गोष्टीच्या काळजीने लिहायला घेतलं. शिरगट्टीतली माझी डंकाची शेड माझ्यामागे बंद पडू नये, एवढीच ती काळजी. बाकी जे काही माझ्या नावावर आहे त्याची वाटणी कशीही झाली तरी कोणी उपाशी राहणार नाही.

इथवर लिहून झाल्यावर रघुपती वकिलांनी वाचून पाहिलं. ते चार पिढ्यांपासून बेंगळुरात असलेले मराठी गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "अक्का, स्वल्प कमी बोला. विलमध्ये एवढं बोलायची पद्धत नाही."

मी म्हटलं, "मग बोलायचं कधी? नंतर मला बोलता येणार नाही आणि तेव्हाच सगळे ऐकायला बसणार."

ते कानडीत "सरी, सरी" म्हणाले आणि कॉफी सांगायला आत गेले. तेव्हा पुढचं सगळं त्यांच्या संमतीने लिहिलं आहे असं समजावं.

कलम एक. मिळकतीचं वर्णन. उद्या हा कागद एखाद्या परक्या साहेबापुढे गेला तर त्याला कळावं म्हणून सांगते. शिरगट्टी हे सीमेवरचं गाव. आधी पंचायत होती, मग नगरपालिका झाली, म्हणजे पाटी बदलली आणि रस्ते तेच राहिले. ओढ्याच्या पलीकडे मिरची आणि भुईमूग, अलीकडे ऊस, आणि मधोमध लेथची गल्ली. त्या गल्लीत शेंगा फोडायची यंत्रं, उसाच्या रसाचे चरक, कोळपी आणि डंक तयार होतात. डंक म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र. खाली लोखंडी उखळं, वर मोटारीच्या जोरावर उठणारी आणि आदळणारी मुसळं. माझ्या शेडमध्ये असे डंक ओळीने बसवलेले आहेत. ते चालू झाले की बसस्टँडवर उतरलेला पाहुणा शिंकतो आणि गावाला कळतं की कोणीतरी आलं.

गाव शेतीचं की कारखान्याचं, असं बाहेरचे लोक विचारतात. आमच्याकडे सकाळी शेत असतं आणि दुपारी लेथ. मिरचीचा तोडा सुरू झाला की लेथची गल्ली ओस पडते आणि वर्कशॉपचा मालक स्वतः बायकोच्या शेजारी वाफ्यात वाकलेला दिसतो. याला कोणी रजा म्हणत नाही आणि कोणी संपही म्हणत नाही.

शेड चालू असली तर पलीकडचा मिरचीवाला आपला सगळा माल दलालाच्या टेम्पोत घालत नाही. निम्मा तरी गावात ठेवतो. मग देठं खुडायला बायका लागतात. खोबरं, लसूण, धणे विकणारे शेडच्या दाराशी बसतात. डबे करणाऱ्या पत्रेवाल्याला हात रिकामा ठेवता येत नाही. मुसळं झिजली की ती समोरच्या बसवंत अण्णांच्या लेथवर जातात. अण्णांच्या कामगाराच्या हातात पगार पडला की त्याची बायको मिरची घेऊन माझ्या शेडमध्ये येते. पैसा असा गावात घरोघर पाहुणचार घेऊन मगच बाहेरगावची बस धरतो. शुभंकर, म्हणजे माझा मुलगा, पैशाच्या या फेरीला इंग्रजीत एक नाव सांगतो. नाव चांगलं आहे, पण शेड बंद झाली तर त्या नावाची फोडणी घालता येणार नाही.

कलम दोन. दागिने, घर वगैरे. माझे दागिने सून अंजली हिला. ती नागपूरची आहे, त्यामुळे तिखटाच्या बाबतीत तिला काही शिकवावं लागलं नाही आणि या घरात मला एक तरी माणूस बरोबरीचं मिळालं. पाटल्या तिला जुनाट वाटत असतील तर मोडून दुसरं काही करावं. मी वर बसून बघणार नाही, मला तिथे दुसरी कामं असतील.

शेडच्या मागचं दोन खोल्यांचं घर शुभंकरला. विकू नये, असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर तो लगेच विकायचं मनावर घेईल. बँकेत जे काही आहे तेही त्याचंच. या सगळ्याची व्यवस्था बघायला मी अंजलीला नेमते, कारण ती पासवर्ड विसरत नाही.

कलम तीन. माझ्या नणंदबाई चंपावन्सं. यांच्यासाठी आधी आमच्या गावचा रिवाज सांगावा लागेल. पाडव्याच्या आगेमागे शिरगट्टीच्या लेकी वर्षाची चटणी कुटायला माहेरी येतात. चटणी म्हणजे आमच्याकडे कांदा-लसूण घातलेलं तिखट. इथे बेंगळुरात चटणी मागितली की पांढरं खोबरं येतं, तो विषय वेगळा. शेडमध्ये पहिला नंबर लेकींचा. रांग कितीही लांब असो, सासरहून लेक आली की गावच्या सुनांनी बाजूला व्हायचं. लेक कुटून घेते, आईच्या हातचं चार घास खाते, गल्लीभर फिरून सगळ्यांची चौकशी करते आणि डबा काखेत मारून आपल्या घरी परत जाते. ती परत जाणार हे ठरलेलंच असतं, म्हणून तिचे लाड होतात. सुना मग उरलेल्या वेळात, मोटार तापलेली असताना.

मी शेडची मालकीण खरी, पण गावाची सून. त्यामुळे माझी मिरची दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी कुटली गेली. रिवाज मोडायचा अधिकार मला होता. मी तो वापरला नाही, कारण मालकिणीनेच मोडला तर उद्या कोण पाळणार? माझं स्वतःचं माहेर धारवाडचं. आईवडील गेले आणि भावाने घर विकलं, तेव्हापासून मला माहेरची चटणी नाही. याचं मला वाईट वाटत आलं आहे, आणि मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणतात.

चंपावन्संनी मात्र या रिवाजाचं सोनं केलं. लेक म्हणून पहिला नंबर धरायचा आणि सासरच्या अख्ख्या गल्लीची मिरची "माझीच आहे गं" म्हणत उखळात ओतायची. एका घराला एवढं तिखट लागत असेल तर ते घर दवाखान्याच्या आवारात बांधायला हवं होतं. मी एकदा पोत्यांकडे नुसतं बघितलं, तर म्हणाल्या, "वैनी, माझ्या भावाची शेड आहे." भाऊ तेव्हा हयात होते आणि ते मुसळामागे लपले. तर माझं तांब्याचं मोठं पातेलं, ज्यावर वन्संचा डोळा माझ्या लग्नापासून आहे, ते त्यांना द्यावं. यापुढे त्यांनी स्वतःच्याच घरची मिरची आणावी. न आणल्यास पातेलं परत घ्यावं.

कलम चार. बसवंत अण्णा. यांचं वर्कशॉप माझ्या शेडच्या बरोबर समोर आहे आणि ते सत्तेचाळीस गावांत हुशार म्हणून प्रसिद्ध आहेत. सत्तेचाळीस हा आकडा त्यांचाच, मी मोजलेली नाहीत. यजमान गेल्यावर मी शेड पुन्हा उघडली, त्या दिवशी अण्णा चहाच्या टपरीवर म्हणाले, "बाई डंक चालवणार? म्हणजे गाव शिंकून शिंकून आडवं होणार."

हे माझ्या कानावर यायला चहा निवण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या मधल्या डंकाचा दांडा मोडला. अण्णा न बोलावता आले, दांडा काढून नेला, नवा करून बसवला, पाणीसुद्धा घेतलं नाही आणि जाताना मोटारीकडे बघून "शिंकणारी म्हैस" असं म्हणून गेले. तेव्हापासून आजतागायत त्यांनी माझं कुठलंही काम अडवलं नाही आणि कुठलंही काम हसऱ्या तोंडाने केलं नाही. शिवाय आमच्या यजमानांनी आखलेला डंक बघून बघून तसेच डंक तयार केले आणि त्यावर स्वतःच्या नावाची पट्टी मारली.

तेव्हा यजमानांच्या हातचा डंकाचा मूळ आराखडा मी बसवंत अण्णांना देते. रस्त्यापलीकडून नक्कल करण्यात त्यांची नजर अधू झाली. आता टेबलावर ठेवून करावी. एकच अट, पट्टीवर यजमानांचंही नाव घालावं, अण्णांच्या नावाच्या खाली चालेल. आणि "शिंकणारी म्हैस" हे शब्द त्यांनी चार माणसांत मागे घ्यावेत. म्हशीबद्दल माझी तक्रार नाही, म्हशीला दूध तरी असतं.

कलम पाच. शिरगट्टी नगरपालिका. शेडच्या दारापुढचा खड्डा मी नगरपालिकेला परत करते. तो मूळचा त्यांचाच आहे. नळ टाकताना त्यांनी खणला, बुजवायचा ठराव केला, ठराव बुजला आणि खड्डा राहिला. मी त्याची आजवर स्वतःच्या मुलासारखी देखभाल केली, पावसाळ्यात त्याच्याभोवती दगड लावले. आता माझ्याच्याने होत नाही. आवाजाबद्दलची नोटीस मात्र मी परत करणार नाही. ज्या साहेबांनी ती काढली, त्यांच्या घरची चटणी माझ्याच शेडमध्ये कुटली जात होती आणि ती नेताना त्यांना आवाज ऐकू आला नव्हता.

कलम सहा. माझा मुलगा शुभंकर याच्याबद्दल. शुभंकरला शेड विकायची होती, हे इथे लिहिलं पाहिजे. एका बाहेरच्या मसाला कंपनीला ती जागा हवी होती. त्यांचा माणूस हेब्बाळला आला, सोफ्यावर बसला आणि म्हणाला, की सगळं यंत्रावर होईल, बटण दाबायला दोन माणसं पुरतील. मी विचारलं, "देठं खुडणाऱ्या बायकांचं काय?" तो म्हणाला, "त्यांना आराम मिळेल." हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि मिरची कुटण्यात जन्म गेलेल्या बाईच्या नाकाला त्या सहसा झोंबत नाहीत. मी त्याला चहा न देता लावून दिलं.

शुभंकर पैशासाठी मागे लागला नव्हता. ते मला माहीत होतं आणि म्हणूनच मला त्याच्यावर नीट रागावता येत नव्हतं. मी दर वर्षी फाल्गुन लागला की बॅग भरायची आणि महिनोन् महिने शिरगट्टीत राहायची. तो रोज फोन करायचा. शेड आहे तोवर आई इथे टिकणार नाही, हा त्याचा हिशेब.

त्यावर त्याने गेल्या वर्षी उपाय काढला. बसवंत अण्णांकडून एक छोटा डंक मागवून घेतला आणि मला न सांगता अपार्टमेंटच्या तळघरात, गाड्यांच्या जागेत बसवला. रविवारी माझे डोळे झाकून मला लिफ्टने खाली नेलं. म्हणाला, "आई, आता शिरगट्टीला जायची गरज नाही. इथेच कुट." मिरची त्याने स्वतः भाजून आणली होती, जरा जास्तच भाजली होती. मला त्याचं फार कौतुक वाटलं. शिरगट्टीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यातच येणार नाही की मिरचीची धूळ ही काही अडचण असू शकते. मलाही आलं नाही. आमच्या शेडला वरून वारा येतो आणि जातो. तळघराला वारा जायला फक्त लिफ्टचा बोगदा होता.

मुसळं पहिल्यांदा आदळली आणि पहिल्या मजल्यावर योगासनांचा वर्ग चालू होता, तो श्वास आत घेण्याच्या टप्प्यावर होता असं नंतर कळलं. मग लिफ्ट जिथे जिथे थांबली तिथे तिथे चटणी पोचली. धुराची घंटा वाजली. माणसं मुलं उचलून, कुत्री उचलून, एक गृहस्थ तर बायकोला सोडून आणि टीव्ही उचलून खाली धावले. सगळी इमारत हेब्बाळच्या तळ्याच्या बाजूच्या फुटपाथवर उभी राहून शिंकत होती. वॉचमन धावत तळघरात आला, "अम्मा, एनु इदु?" म्हणेपर्यंत त्यालाही शिंक आली. मी त्याला म्हटलं, "चटणी, बाबा. डबा आण, देते." त्याने खरंच आणला.

सोसायटीने डंक काढायला लावला. त्या संध्याकाळी शुभंकर जेवला नाही. अंजलीने विचारलं तेव्हा तो बोलला. वडील शिरगट्टीत अत्यवस्थ असल्याचा फोन आल्यावर तो इथल्या के. आर. पुरमला भाड्याच्या खोलीत बॅग भरत होता. बॅग भरून होईपर्यंत दुसरा फोन आला, ते गेल्याचा. तो म्हणाला, "तो फोन मला पुन्हा घ्यायचा नाही. आई इथे असली तर मला तो फोन येणारच नाही."

मी आई आहे. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं. पण शेड विकते असं माझ्या तोंडून निघेना, आणि शेड ठेवून त्याची भीती कशी घालवावी हेही मला सुचेना. एवढं मात्र खरं, की त्याच्यावरचा माझा राग त्या तळघरात संपला.

कलम सात. शेड. वकीलसाहेब केव्हापासून म्हणताहेत की मोठी मिळकत आधी लिहायची असते. मी ती मुद्दाम मागे ठेवली, कारण ती लिहिताना एकदा चुकलं आहे.

शेडची जागा पहिल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहे. यजमानांचं आणि नगरपालिकेचं तेव्हा भांडण चालू होतं, म्हणून त्यांनी ती माझ्या नावाने घेतली. त्यांनी रागाच्या भरात केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम. शेड चालवते शिवलीला. तिचे वडील आमचे पहिले मिस्त्री. ती सासर सोडून परत आली, तेव्हा गावाने चार दिवस तोंडं वाकडी केली आणि पाचव्या दिवशी तीच तोंडं मिरची घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. मी बेंगळुरात असते तेव्हा सगळा कारभार तिचा. तेव्हा मी या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं, की शेड, त्यातले डंक, मोटारी आणि सामान माझ्या पश्चात शिवलीलाला मिळावं. लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की मी लगेच तिला फोन लावला.

"शिवलीला, शेड तुझ्या नावावर केली गं मृत्युपत्रात."

"लई उपकार झाले अक्का." मग म्हणाली, "पण ती मिळायची कधी?"

"मी गेल्यावर."

"मग आता मी देवाजवळ काय मागू? तुम्हाला शंभर वर्षं दे म्हणून मागू, का लवकर ने म्हणून मागू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रागावू नका अक्का. मोटारी म्हाताऱ्या झाल्या. नवीन बसवायच्या तर मालकाची सही. मीटर वाढवून घ्यायचा तर मालकाची सही. दुसऱ्याच्या शेडमध्ये मी किती दिवस करणार? मी बेंगळूरलाच येतो की. मोबाईल जोडायच्या कारखान्यात बोलावलंय, पाडवा झाला की."

आमच्याकडे बायकाही "येतो, जातो" म्हणतात. अंजलीला सुरुवातीला हे ऐकून वाटायचं, की घरात पुरुष फार आहेत. या वेळी मात्र ती हसली नाही. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "आई, ती बरोबर बोलतेय. मृत्युपत्र तुमच्यानंतर चालू होतं. शेड तर या पाडव्यानंतरच बंद पडेल."

म्हणजे बैल गेला अन् झोपा केला, असा प्रकार होणार होता, आणि झोपा करणारी मीच. मी अंजलीला विचारलं, मग काय करायचं? ती म्हणाली, "बक्षीसपत्र. जिवंतपणी द्यायचं. देऊन मोकळं व्हायचं."

देऊन मोकळं व्हायचं, हे बोलायला सोपं आहे. त्या शेडमध्ये माझी उभी हयात गेली आहे. मन तयार व्हायला मला दोन दिवस लागले. माझ्यानंतर देते म्हणणं म्हणजे मरेपर्यंत माझंच आहे म्हणणं, हे मला कळत होतं आणि तेच मला सोडवत नव्हतं. शेवटी मी शुभंकरला म्हटलं, "बसवंत अण्णांच्या नातवाचं लग्न आहे. मला घेऊन चल. तिथून निबंधकाच्या कचेरीतही जायचं आहे."

त्याने गाडी काढली. वाटेत दावणगेरेला डोसा खाताना तो एवढंच म्हणाला, "शेड तिची झाली तरी तू तिथे जाऊन राहणारच ना?" उत्तराऐवजी मी त्याच्या ताटातली चटणी खाल्ली, पांढरी.

लग्नाची पहिली पंगत सोडून मी, शुभंकर आणि शिवलीला तालुक्याला गेलो. शिवलीलाने नवीन साडी नेसली होती आणि सही करण्याआधी तिने पेन पदराला दोनदा पुसलं. मी एकदाही पुसलं नाही, याचा मला अजून अभिमान आहे. परत मांडवात आलो तर बसवंत अण्णांना आधीच कळलेलं. ते म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही मालकीण नाही?"

"नाही."

"मग भांडायचं कोणाशी?" असं म्हणून ते दुसरीकडे बघत उभे राहिले, आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात जिलबी वाढली. तरी कलम चार मी बदललेलं नाही.

सबब, शिरगट्टी येथील डंकाची शेड, जागेसह आणि सामानासह, ही माझी मिळकत उरलेली नाही. ती शिवलीलाची आहे आणि तिच्याबद्दल या मृत्युपत्रात माझ्या कोणत्याही वारसाने काहीही शोधू नये. शिवलीलाने मोबाईलच्या कारखान्याला नकार कळवला आहे आणि नव्या मोटारी बसवंत अण्णा बसवत आहेत, तोंड वाकडं करून.

कलम आठ. हे कलम आज लिहायचं ठरलं नव्हतं. सात लिहून मी सहीला पेन हातात घेतलं आणि शिवलीलाचा फोन आला. व्हरांड्यात शुभंकर होता, वकीलसाहेब होते, म्हणून फोन स्पीकरवर घेतला.

ती म्हणाली, "अक्का, पाडव्याची नंबरांची पाटी लिहायला घेतलोय. तुमची मिरची किती घालू?"

मी म्हटलं, "माझं काय एवढं. सुनांचे नंबर झाले की सगळ्यांच्या शेवटी घाल."

"शेवटी कशाला? तुमचं नाव लेकींच्यात धरलोय. पहिलंच. आता शेड माझी आहे, तर तुमचं माहेर नको व्हय?"

मी रडले, हे लिहून ठेवते. रघुपती वकिलांनी घाईने कागद माझ्यासमोरून उचलले आणि म्हणाले, "अक्का, शाई पसरेल, स्वल्प तिकडे." मग त्यांनी स्वतःचाही चष्मा पुसला.

शुभंकरने फोन माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. मग म्हणाला, "मग पाडव्याला तुला सोडायला येतो. आणि परत कधी आणायला येऊ?"

इतकी वर्षं मी शिरगट्टीला मालकीण म्हणून जात होते, म्हणून ते माझं घर होतं आणि बेंगळूरु हा मुक्काम होता. आज पहिल्यांदा मला त्याला उत्तर देता आलं. मी म्हटलं, "चार दिवसांनी ये. माहेरी लेक त्याहून जास्त राहिली तर लोक विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना?"

तरी हे मृत्युपत्र अमलात यायची वेळ येईल तेव्हा मी हेब्बाळला, माझ्या घरी असेन, मुलाच्या हाकेच्या अंतरावर. हे मी त्याला वचन म्हणून लिहून देत आहे. यापूर्वीचा मसुदा रद्द.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि आवडला म्हणून त्याखाली सही केली.

सही: वासंती बाळ मगदूम

साक्षीदार: आमच्या डोळ्यांदेखत लिहून देणाऱ्या बाईंनी सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर केली.

१. रघुपती, ॲडव्होकेट, बसवनगुडी. (जिथे जिथे "वकीलसाहेब म्हणाले" असं आहे, तिथे तिथे मी तसंच म्हणालो होतो.)

२. योगीराज, निवृत्त पोस्टमास्तर, वकीलसाहेबांचे शेजारी. (मला फक्त सहीला बोलावलं होतं. सगळं वाचायला लावलं.)

ठिकाण: बसवनगुडी, बेंगळूरु
दिनांक: २० फेब्रुवारी २०२५